वसतिगृहाचं सरपण: झाडं लावण्याआधीची तयारी

दिवाळीची सुट्टी संपून विदर्भातली आश्रमशाळा भरली की सरपणाच्या लागवडीची तयारी सुरू करा, आणि ती स्वयंपाकघरातून सुरू करा. १०० किलोचा एक लटकता वजनकाटा मिळवा. सलग सात दिवस, रविवार धरून, चुलीत जाणारं लाकूड मोजा. सकाळी चुलीपाशी मोजून रास घालायची, रात्री उरलेली मोजायची आणि फरक वहीत मांडायचा. त्या दिवशीची हजेरी आणि जेवणात काय होतं हेही शेजारी लिहा, कारण वाटाण्याच्या उसळीचा दिवस आणि खिचडीचा दिवस यांत मोठी तफावत पडते. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये आणखी एक आठवडा असाच मोजून ठेवा; दमट लाकूड जास्त लागतं. 'दोन मोळ्या लागतात' किंवा 'महिन्याला अमुक बैलबंड्या येतात' या हिशेबावर लागवड आखू नका. मोळी बांधणाऱ्याच्या हाताप्रमाणे बदलते, आणि बंडीत ओलं लाकूड आलं तर निम्मं वजन पाण्याचंच असतं.

समजा २५० मुलांच्या निवासी शाळेत रोज ११० किलो लाकूड लागतं असं निघालं. सुट्ट्या वगळून वर्षाचे २८० दिवस धरले तर ही गरज ३० टनांच्या वर जाते. कोरडवाहू, मुरमाड जमिनीवर एकरी वर्षाला सरासरी दोन टन वाळलेलं लाकूड धरावं, मध्यम खोलीच्या चांगल्या जमिनीवर तीन टन. याहून मोठा आकडा कोणी सांगितला तर त्याला आधी ओलिताची सोय विचारा. म्हणजे या शाळेला मुरमावर १५ एकर हवेत, आणि इतकी मोकळी जमीन फार थोड्या संस्थांकडे असते. म्हणून रोपांच्या आधी चुलीला हात घाला.

तीन दगडांची किंवा नुसती खोलगट मातीची चूल बरीचशी उष्णता हवेत सोडते. चूल तुमच्या पातेल्याच्या मापानेच बांधून घ्या. पातेलं आत बसावं आणि त्याच्या भोवती चुलीच्या भिंतीपर्यंत दीड-दोन सेंटीमीटर, म्हणजे बोटभर फट राहावी. फट मोठी ठेवली तर ज्वाळा पातेल्याला न शिवता निघून जाते, आणि अगदीच बुजवली तर धूर उलटा तोंडावर येतो. खाली लोखंडी जाळी हवी, म्हणजे राख गळून हवा खालून येते. धुराडं छपराच्या वर निघालं पाहिजे आणि दर पंधरवड्याला झाडलं पाहिजे. काजळीने निम्मं बुजलेलं धुराडं असलेली सुधारित चूल जुन्या चुलीपेक्षा वाईट चालते, आणि मग 'नव्या चुलीत अर्थ नाही' असा शेरा पडतो. धुराड्याची चूल विदर्भाला नवी नाही. मगन चूल वर्ध्याच्या मगनवाडीतच घडली. स्वयंपाकाच्या सवयीही लाकूड वाचवतात. तूरडाळ तासभर, वाटाणा-मटकी रात्रभर भिजवायची, पातेल्यावर झाकण ठेवायचं, लाकूड मनगटाएवढं फोडून आणि वाळवूनच चुलीत घालायचं. गॅसचं कनेक्शन असेल तर सकाळचा चहा-नाश्ता त्यावर न्या. यातलं प्रत्येक काम स्वयंपाक करणाऱ्या बायांशी बसून ठरवा, कारण धूर त्यांच्याच छातीत जातो आणि चूल त्यांच्याच हातात असते. हे सगळं नीट लागलं आणि ११० किलोंचे ६५ झाले, तर वर्षाची गरज १८ टनांवर येते आणि १५ एकरांचे ९ एकर होतात. चूल बदलल्यावर पुन्हा सात दिवस मोजा आणि लागवडीचा आकडा त्या दुसऱ्या मोजणीवरून काढा.

जमीन तीनच एकर असेल तर तीन एकरांत किती भागेल ते स्पष्ट लिहून ठेवा: मुरमावर वर्षाला ६ टन, म्हणजे गरजेचा तिसरा हिस्सा. बाकीचं विकत घ्यावं लागणार हे संस्थाचालकांना आधीच कळलेलं बरं. पूर्ण सरपणाचं आश्वासन देऊन पाचव्या वर्षी तिसरा हिस्सा हाती आला तर लोक लागवडच उखडून दुसरं काही करायला निघतात.

कागद जानेवारीत पाहून घ्या. सातबारा ताजा काढा आणि 'इतर हक्क' हा रकाना वाचा. वऱ्हाडात गावाची ई-क्लास जमीन देऊ केली जाते. ती चराईची सरकारी जमीन आहे, ग्रामपंचायतीच्या तोंडी होकारावर तिथे कुदळ मारू नका. नागपूर विभागात 'झुडपी जंगल' ही नोंद दिसली तर तिथेच थांबा. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमीनच धरल्या आहेत. तिथे वनखात्याला सोडून लावणं-तोडणं जमणार नाही. जमीन संस्थेची असेल तरी कार्यकारिणीचा ठराव हवा, आणि त्यात एक वाक्य नक्की असू द्या: ही झाडं तोडण्यासाठी लावली आहेत. पाच वर्षांनी मुख्याध्यापक बदललेले असतात, मुलांनी झाडांना नावं दिलेली असतात, आणि कुऱ्हाड लागली की गावात ओरड होते. त्याच कारणाने सावलीची, फळांची झाडं या तुकड्यात मिसळू नका. साग, मोह, खैर, अंजन, चिंच, आंबा, जांभूळ ही महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यातली अनुसूचित झाडं आहेत. ती तोडायला परवानगी लागते. सरपणाच्या जमिनीत ती लावलीच नाहीत तर पुढचा खेटा वाचतो.

आता माती. नकाशावर काळी, मुरमाड, चोपण असं लिहून भागत नाही. जमिनीत चार-पाच ठिकाणी तीन-तीन फूट खणून पाहा. वर एक फूट काळी आणि खाली कठीण मुरूम असेल तर ती मुरमाड जमीनच समजा, वरचा रंग काही असो. खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते तसंच दिसलं तर निचरा नाही. भारी काळ्या जमिनीत बाभूळ हे पहिलं झाड. ती पावसाळ्यातलं काही दिवसांचं साचलेलं पाणीही सोसते आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं ताणली गेली तरी टिकते. कडुनिंब आणि सुबाभूळ साचलेल्या पाण्यात पिवळे पडतात. काळ्या जमिनीत ती लावायचीच असतील तर वरंब्यावर लावा. हलक्या, कोरड्या मुरमावर हिवर आणि बाभूळ घ्या. निचऱ्याच्या, पाऊस बरा असलेल्या जमिनीवर काशीद चांगला. ढोरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. मात्र त्याचा धूर जास्त, म्हणून तो पुरता वाळवूनच जाळायचा. नाल्याकाठच्या गाळात शिसम घ्या. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडच्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत सुबाभूळ खुरटतो, तिथे काशिदावर भर द्या. विलायती बाभूळ कुठेही लावू नका. ती जळते छान, पण शेजारच्या धुऱ्यांवर (बांधांवर) आणि पडीत पसरली की पिढ्यान्‌पिढ्या निघत नाही.

झाड निवडताना एक गोष्ट फार वेळा सुटते: तोडल्यावर खुंट फुटतो का? सुबाभूळ, काशीद, गिरीपुष्प आणि निलगिरी खुंटापासून जोमाने धुमारे देतात, म्हणजे एकदा लावून अनेकदा तोड मिळते. बाभळीचा निखारा घट्ट आणि टिकाऊ, पण मोठ्या बाभळीचा खुंट नीट फुटत नाही. ती तोडली की नवं रोप लावावं लागतं. म्हणून सगळी जमीन बाभळीची करू नका आणि सगळी सुबाभळीचीही नको. फुटणारी झाडं दोन हिस्से, बाभूळ एक हिस्सा, हे प्रमाण मध्यम जमिनीवर ठीक बसतं. भारी काळ्या जमिनीत बाभळीचा हिस्सा वाढवा. सुबाभूळ शेंगा पिकण्याआधी छाटला पाहिजे, नाहीतर त्याचं बी चहूकडे उगवतं. निलगिरी विहिरीजवळ आणि शेताच्या धुऱ्याला नको.

रोपांची मागणी सामाजिक वनीकरणाच्या किंवा खासगी रोपवाटिकेत जानेवारीतच नोंदवा. घरची रोपवाटिका करायची तर फेब्रुवारीअखेर पिशव्या भरा: दोन घमेली पोयटा माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं वाळू. बाभळीला मूळ खोल जात असल्याने उंच पिशवी घ्या, ६ बाय ९ इंचांची. सुबाभळीचं बी सुमारे ८० अंशांच्या गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं हलवून लगेच गार पाण्यात टाका आणि रात्रभर भिजू द्या. उकळत्या पाण्यात ठेवलं तर ते शिजतं. बाभळीच्या बियांवर चुलीवरून उतरवलेलं कढत पाणी ओतून २४ तास तसंच ठेवा. शेळ्यांच्या वाड्यात लेंड्यांतून पडलेलं बाभळीचं बी मिळालं तर सोन्याहून पिवळं. पोटातून गेल्याने त्याचं कवच मऊ झालेलं असतं. कडुनिंबाचं बी दोन-तीन आठवड्यांत उगवण गमावतं, म्हणून मागच्या वर्षीची निंबोळी पेरू नका. दर तीन-चार आठवड्यांनी पिशव्या जागच्या हलवा; नाहीतर मुळं खालच्या जमिनीत घुसतात आणि जूनमध्ये उचलताना तुटतात. आणि रोपवाटिका घरी करण्याआधी मेमध्ये दोन वेळचं पाणी कोण घालणार याचं नाव ठरवा. नाव ठरत नसेल तर रोपं विकत घ्या.

मे महिन्यातल्या पाण्याचा प्रश्न इथून पुढे पाठ सोडत नाही, त्यामुळे त्यावर जरा थांबू. वसतिगृहाचं सांडपाणी झाडांना द्यायचं असं बहुतेक आराखड्यांत असतं. २५० मुलांच्या आंघोळी-भांड्यांचं माणशी २० लिटर धरलं तरी रोजचं ५,००० लिटर पाणी होतं, आणि ते कागदावर भरपूर दिसतं. पण मेच्या सुरुवातीला मुलं घरी जातात, नळ बंद होतात, आणि विदर्भात शाळा थेट जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते. पारा ४५ च्या वर असतो तेव्हाच सांडपाणी शून्य. पहिल्या वर्षीची मर मुख्यतः याच सहा-सात आठवड्यांत होते. म्हणून रोपांची संख्या जमिनीवरून काढू नका, मेमध्ये किती पाणी पोचवता येईल त्यावरून काढा. ओळीत तीन मीटर आणि रोपांत दीड मीटर अंतर धरलं तर एकरात ९०० रोपं बसतात. ओळींतलं अंतर मुद्दाम जास्त, म्हणजे डवरा आणि वखर फिरतो. नऊ एकर पाच वर्षांत लावायचे तर एका वर्षाला साधारण दोन एकर येतात; त्यांत १,८०० रोपं झाली. प्रत्येकाला ५ लिटर म्हटलं तर एका पाळीला ९,००० लिटर, म्हणजे ५,००० लिटरचे दोन टँकर. मार्चपासून मध्य जूनपर्यंत दर १२ दिवसांनी एक पाळी धरली तर आठ-नऊ पाळ्या, सोळा-अठरा टँकर. त्याचं भाडं आणि डिझेल पहिल्या अंदाजपत्रकातच लिहा. ते बसत नसेल तर एकच एकर लावा. दर दोन रोपांत एक जुनं मडकं, बुडाला भोक पाडून त्यात कापडाची वात घालून, गळ्यापर्यंत पुरलं तर पाणी हळूहळू मुळाशी झिरपतं आणि वाऱ्याने उडत नाही. मडक्यावर चपटा दगड झाका. बुंध्याभोवती वाळलेल्या गवताचा चार बोटं थर द्या, पण तो खोडाला चिकटू देऊ नका. चिकटला की त्याखालून वाळवी, म्हणजे आपली उधई, सालीवर चढते. सुट्टीतल्या पाण्यासाठी गावातल्याच एका माणसाला मार्च ते जून पगारावर ठेवा आणि रक्कम ठरावात लिहा. शिपायाला 'जरा लक्ष ठेवा' म्हणून सांगितलेलं पाणी झाडांपर्यंत पोचत नाही.

कुंपण रोपांआधी उभं राहिलं पाहिजे, आणि ते सगळ्या जमिनीला एकदाच घाला. नऊ एकरांचा चौकोन असेल तर घेर सुमारे ७६० मीटर भरतो; तीच जमीन पाच तुकड्यांत वेगवेगळी कुंपणायची म्हटलं तर सगळं मिळून १,७०० मीटरच्या आसपास जातं. लागवड दरवर्षी पाचव्या हिश्शाने करा, कुंपण मात्र पहिल्याच वर्षी पुरं. मुरमात गुरं अडवायला चर चालतो: वर १.२ मीटर रुंद, खाली ०.६, खोली १ मीटर, माती आतल्या बाजूला टाकून त्या भरावावर सागरगोटीचं (दाट काटेरी वेलीचं) बी टोचायचं. काळ्या जमिनीत हा चर दोन पावसांत ढासळतो. तिथे बोराटी आणि बाभळीच्या काट्यांचं कुंपण करा आणि आतून सागरगोटी वाढू द्या. शेळी चरातून उतरून चढते, आणि रोही (नीलगाय) तर चर सहज उडी मारून ओलांडतो. त्यामुळे जंगलाच्या बाजूला काटा दुहेरी हवा. ढोरक्यांशी (गुराख्यांशी) आणि मोळ्या नेणाऱ्या बायांशी आधीच बोलणी करा. गवत कापून नेण्याची मोकळीक द्या, चराई मात्र बंद ठेवा. गवत गेलं तर फेब्रुवारीत वणव्याला खायलाही काही उरत नाही.

खड्डे एप्रिल-मेमध्ये, ४५ सेंटीमीटर लांब-रुंद-खोल. एक माणूस दिवसाला पंधरा-वीस करतो, कठीण मुरमात त्याहून कमी. १,८०० खड्ड्यांना शंभरेक मनुष्यदिवस धरा. रोजगार हमीतून करायचे तर मागणी आधीच नोंदवा. वरच्या अर्ध्या फुटाची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला ठेवा; भरताना वरची माती खाली जाते आणि मुरूम आळ्याच्या बांधाला कामी येतो. उतारावर ए-फ्रेमने (A आकाराच्या लाकडी चौकटीने) समपातळी काढून सलग चर खणा, ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० खोल, आणि रोप चराच्या भरावाला लावा. खड्ड्यात दोन किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला. अर्धवट कुजलेलं खत म्हणजे उधईला आवतण.

लावणी पहिल्या सरीला करू नका. साधारण १०० मिलिमीटर पाऊस होऊन माती फूटभर ओली झाली की लावा, बहुधा जूनअखेर ते जुलैचा पहिला पंधरवडा. तेव्हा शाळा नुकतीच भरलेली असते आणि हात मिळतात. रोप दीड-दोन फुटांचं, पेन्सिलीएवढ्या जाड खोडाचं घ्या. चार फुटी लांबडं रोप वाऱ्याने आडवं होतं. पिशवी ब्लेडने उभी चिरून पूर्ण काढा. मुलांना हे प्रत्यक्ष करून दाखवा, कारण नुसतं तळ फाडून पिशवीसकट लावलेलं रोप वर्षभर जगतं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात कारण न कळता वाळतं. उपटलं तर मुळं पिशवीच्या आकारात गोल गुंडाळलेली दिसतात. तळाशी गुंडाळलेलं मूळ दिसलं तर तेवढं छाटा. माती पायाने दाबून भरा, पोकळी राहू देऊ नका. २० टक्के रोपं राखीव ठेवा आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरून घ्या. १५ ऑगस्टनंतर लावलेल्या रोपाला थंडीआधी मूळ धरायला वेळ उरत नाही. निंदण ऑगस्टअखेर आणि ऑक्टोबरमध्ये. जाळरेषा (वणवा अडवणारी मोकळी पट्टी) १५ फेब्रुवारीच्या आत साफ करा, निदान तीन मीटर रुंद आणि मातीपर्यंत खरवडलेली; मोहफुलं वेचण्यासाठी लावलेली आग बांधावरून सहज आत येते.

झाडं कापायला येईपर्यंत चार-पाच वर्षं जातात आणि चूल रोजच पेटते. तोवर पऱ्हाट्या आणि तुराट्यांवर, म्हणजे कपाशीच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्यांवर भागवा. गावात त्या जानेवारी ते मार्चमध्ये निघतात आणि उचलून नेल्या तर शेतकऱ्याचंही काम होतं. पऱ्हाट्यांवरची किडकी, न फुटलेली बोंडं तोडून जाळा, कारण गुलाबी बोंडअळी त्यातच मुक्काम करते. पऱ्हाट्यांचा ढीग कपाशीच्या शेताला लागून रचू नका आणि जूनच्या आत संपवा.

तोडीची तयारीही आताच लिहून ठेवा. जमिनीचे पाच भाग करून कोपऱ्याच्या दगडांवर क्रमांक रंगवा. एका वर्षी एकच भाग, जानेवारी-फेब्रुवारीत. धारदार कुऱ्हाडीने किंवा करवतीने जमिनीपासून १५ सेंटीमीटरवर तिरपा काप घ्या, म्हणजे पावसाचं पाणी खुंटावर थांबत नाही. साल फाटली तर धुमारे नीट येत नाहीत. धुमारे गुडघ्याएवढे झाले की खुंटावर दोन-तीनच जोमदार ठेवा. लाकूड तोडल्या तोडल्या फोडा. अख्खा ओंडका आतून वर्षभर ओला राहतो. जून मध्य ते सप्टेंबरअखेर रोज ६५ किलो म्हणजे सुमारे सात टन लाकूड कोरडं साठवायचं आहे. रचलेल्या एका घनमीटरात साधारण ४०० किलो बसतं, म्हणजे १२ बाय १० फुटांची, पाच फूट उंच रास. तिला वर पत्रा, खाली दगडांवर बल्ल्या आणि चारही बाजूंनी वारा हवा. वाळलं की नाही ते पाहायला दहा तुकड्यांवर रंगाने खूण करा आणि दर पंधरा दिवसांनी तेच तुकडे त्याच काट्यावर मोजा. दोन मोजण्यांत वजन उतरलं नाही, टोकांना भेगा दिसल्या आणि एकमेकांवर आपटून टणक आवाज आला, की रास शेडमध्ये हलवा. हे काम ३१ मेच्या आत, शाळा बंद असतानाच पुरं व्हायला हवं, आणि ते सुट्टीत पाणी घालणाऱ्या त्याच माणसाच्या कराराच्या कागदावर लिहा.